महापालिकेचे अंदाजपत्रक आणि आपली वस्ती

दरवर्षी मार्च महिन्याच्या आसपास वर्तमानपत्रात एक ठळक मथळा येतो: महापालिकेचे इतक्या हजार कोटींचे अंदाजपत्रक सादर. आपल्यापैकी बहुतेक जण मथळा वाचतात, आकडा फार मोठा आहे असे मनाशी म्हणतात आणि पान उलटतात. त्याच सकाळी नळाला पाणी किती वाजता येणार याची चौकशी मात्र आपण शेजारी चार घरी करतो. त्या नळाचा आणि त्या मथळ्याचा संबंध काय, हे संस्थेच्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना समजावे म्हणून हा लेख लिहिला आहे. यात अर्थशास्त्र फारसे नाही. घरातली आई महिन्याचा पगार कसा पुरवते हे ज्याने पाहिले आहे, त्याला यातले सर्व काही कळेल.

या विषयाची सुरुवात पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. शाळा, सत्यशोधक समाज, पाण्याचा हौद या त्यांच्या कार्याविषयी आपण भाषणे ऐकतो, पण नगरपालिकेच्या सभेत बसून त्यांनी काय केले हे कमी सांगितले जाते. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. सर्व सभासद अनुकूल होते. एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० साली शहरात दारूचे गुत्ते वाढू लागले तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. पुढे मोठी मंडई बांधण्याचे ठरत होते. त्या खर्चालाही त्यांचा विरोध होता आणि कारण तेच, शिक्षणावर आधी खर्च करा. मंडई बांधली गेलीच. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नाव महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीच्या खर्चाला ज्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव! यात कोणाला विनोद दिसेल, पण नावे देणे स्वस्त असते आणि शाळा चालविणे महाग असते, हेही त्यात दिसते.

जोतीरावांच्या विरोधात एक पद्धत आहे. एखादी गोष्ट चांगली की वाईट, एवढेच ते विचारीत नाहीत. मंडई वाईट नव्हती. हाच रुपया दुसरीकडे खर्च केला असता तर कोणाचे किती भले झाले असते, असे ते विचारतात. अंदाजपत्रक वाचताना हा एकच प्रश्न हाती धरला तरी पुष्कळ उलगडते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मूळचे सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ च्या फेब्रुवारीत ते मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलले, मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलले, आणि त्याच मार्चच्या २० तारखेला ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. शिक्षणावरील भाषणात त्यांनी सरकार दारूच्या अबकारीतून माणशी किती घेते आणि शिक्षणावर माणशी किती खर्च करते, हे दोन आकडे शेजारी ठेवले. विद्यार्थ्यांनी ही माणशी हिशेबाची रीत उचलावी. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे १२,६१८ कोटी रुपयांचे होते. शहराची लोकसंख्या ४५ लाख धरली तर माणशी सुमारे २८ हजार रुपये होतात. पाच माणसांच्या घरामागे वर्षाला १ लाख ४० हजार! आता आपल्या वस्तीत किती घरे आहेत ते मोजा, गुणाकार करा आणि गल्लीतून एक फेरी मारून या. सगळा पैसा घराघरावर वाटायचा नसतो हे खरे; धरणाचे पाणी, मैलाशुद्धीकरण, रुग्णालये, बस हे सर्वांचे सामाईक असते. तरीही फेरी मारून आल्यावर मनात प्रश्न उभे राहतात, आणि तेच हवे आहेत.

अंदाजपत्रक कसे तयार होते

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. तिचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने चालतो. या कायद्यात महापालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची आहेत. कलम ६३ मधील कामे करावीच लागतात: पाणी, सांडपाणी, झाडलोट, रस्ते, दिवे, दवाखाने, प्राथमिक शिक्षण वगैरे. कलम ६६ मधील कामे इच्छेवर आहेत. वस्तीत भाषण ठोकणारा पुढारी जेव्हा 'मी तुम्हाला ड्रेनेज दिले' म्हणतो, तेव्हा त्याने आपल्याला काही दान दिलेले नसते. ते कलम ६३ मधले काम आहे.

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्ष सुरू होण्याआधी काही महिने प्रत्येक खाते आपली मागणी लेखापालाकडे पाठविते. आयुक्त जमाखर्चाचा मसुदा सोळा सभासदांच्या स्थायी समितीपुढे मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते, मग तो मुख्य सभेपुढे येतो आणि तेथे मंजूर होतो. करांचे दर मात्र २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. आयुक्तांचा आकडा आणि स्थायी समितीचा आकडा यांत काही शे कोटींचा फरक पडतो, आणि हा फरक बहुधा वाढीचाच असतो. उत्पन्न कागदावर वाढविले की कामे कागदावर वाढविता येतात. वर्षअखेर पैसे येत नाहीत, मग कामे गळतात. कोणाची गळतात? ज्यांच्यामागे कोणी विचारणारे नाही त्यांची. म्हणून अंदाजपत्रकाच्या पुस्तकात तीन रकाने नेहमी वाचावेत: मागील वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. बातमीत येतो तो फक्त तिसरा.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. मसुदा करणारे तेच, मंजूर करणारे तेच. काहींना हा कारभार बरा वाटला, भांडणे नाहीत, गोंधळ नाही. पण १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनेत जे स्थान दिले, ते निवडून आलेल्या संस्थेला दिले आहे. बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य कमी करणे आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण ही कामे लिहिलेली आहेत. ती विचारायची तर विचारायला कोणीतरी निवडून दिलेला माणूस लागतो.

पैसा कोण देते

'झोपडपट्टीवाले कर भरत नाहीत आणि सगळ्या सोयी मागतात' हे वाक्य आपण कचेरीत, बसमध्ये, कधी कधी आपल्याच फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकतो. याचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

२०१३ पर्यंत पुणे महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न जकातीचे होते. शहरात येणाऱ्या मालावर जकात बसे आणि ती किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडून वसूल होई. साबण, तेल, सिमेंटचे पत्रे घेणारा वस्तीतला माणूस ती भरीतच होता, पण पावती व्यापाऱ्याच्या नावाची. एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. आता राज्य सरकार महापालिकेला बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देते, २०१६-१७ हे वर्ष पाया धरून व दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. हा पैसाही शेवटी प्रत्येक खरेदीतूनच गोळा होतो. चपलेचा जोड घेणारी मोलकरीण वस्तू व सेवा कर देते. शिवाय वस्तीतील घरांना सेवाशुल्काची बिले येतात, ज्याला बोलण्यात 'गवनी' म्हणतात.

मिळकतकर हे दुसरे मोठे उत्पन्न आणि बांधकाम परवानगीचे शुल्क हे तिसरे. मिळकतकरात स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ती मध्यंतरी काढली गेली, मोठी ओरड झाली आणि २०२३ मध्ये परत दिली गेली. सवलत देऊ नये असे माझे म्हणणे नाही, मध्यमवर्गालाही आधार हवा. पण सवलत म्हणजेही खर्चच, तो पुस्तकात दिसत नाही एवढेच. कर्जही आहे: जून २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी महापालिकेने ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले. त्याची फेड शहरातील सर्वांच्या खिशातून होते, पाणी कोणाच्या नळाला दिवसभर येते यावर ती अवलंबून नसते.

पैसा जातो कोठे

खर्च दोन प्रकारचा. महसुली म्हणजे घरातले भाडे, किराणा, वीजबिल. भांडवली म्हणजे नवे घर बांधणे. महापालिकेचे पगार, निवृत्तिवेतन, वीज, धरणातून घेतलेल्या पाण्याचे पैसे, कचरा वाहतूक हा पहिला प्रकार. पीएमपीएमएलची तूटही यातच येते. २००७ साली पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र झाल्या, आणि ही तूट दोन्ही महापालिका ६० व ४० टक्के अशी वाटून घेतात. बसच्या तुटीवर वर्तमानपत्रात फार टीका होते. मला ती टीका एकांगी वाटते. उड्डाणपुलाला कोणी तोट्यात चाललेला पूल म्हणत नाही. बसने मात्र रोज नफा दाखवावा!

शहर वाढते तसा खर्च पसरतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्यांतील दोन गावे पुढे वेगळी झाली, पण बाकी सर्वांना पाणी, गटारे, दिवे द्यायचे आहेत.

सफाईच्या खर्चाबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण तो आपल्या घरांशी जोडलेला आहे. या शहराची झाडलोट पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींनी केली हे सांगावयास नको. कायम नोकरी, पगाराची स्लिप, निवृत्तिवेतन आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला काम, यांच्या आधारावर आपल्यातली अनेक मुले पदवीधर झाली. आज त्या कामाचा मोठा भाग ठेकेदाराकडे आहे. अंदाजपत्रकात तो 'पगार' या शीर्षाखाली दिसत नाही, निविदेच्या रकमेत दिसतो. निविदा जितकी कमी दराची तितकी बचत, असे कागदावर लिहिले जाते. ती बचत झाडू मारणाऱ्या बाईच्या पगारातून झाली का, हे निविदेत लिहिलेले नसते. कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्यात ठेकेदाराने वेतन न दिल्यास ते मूळ मालकाने द्यावे अशी तरतूद आहे, आणि येथे मूळ मालक महापालिका आहे. आपल्या ओळखीत कोणी ठेक्यावर असेल तर त्यांना हे सांगावे. पुण्यातच याहून वेगळा मार्गही निघाला. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि २००८ पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. यातल्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातल्या. त्यांनी वेगळा केलेला कचरा गाडीत चढत नाही, म्हणून वाहतुकीचा खर्च वाचतो. हा वाचलेला पैसा अंदाजपत्रकात कोणाच्या नावावर जमा दिसत नाही.

मग राहते ती नगरसेवकांची 'स' यादी, म्हणजे प्रभागातील कामांची यादी. आणि तिच्या जोडीला वर्गीकरण. एका लेखाशीर्षावरची रक्कम दुसऱ्यावर वळविणे याला वर्गीकरण म्हणतात. गरज पडते तेव्हा ते योग्यच आहे. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गीकरणाचे प्रस्ताव दाटीवाटीने येऊ लागले की समजावे, पैसे संपवायची घाई आहे. त्यातून बाकडी येतात, कापडी पिशव्या येतात, कचऱ्याच्या बादल्या येतात आणि प्रत्येकावर नाव रंगविलेले असते. बाकड्यावर म्हातारी माणसे बसतात हे खरे, पण एका गल्लीत किती बाकडी लागतात?

आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका व्हावी म्हणून मुले अनेक दिवस मागे लागली होती. एका वर्षी तरतूद झाली, सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मार्चमध्ये ती रक्कम वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे गेली. कोणी काही सांगितले नाही. आम्हीही मे महिन्यापर्यंत विचारले नाही, हा आमचाही दोष.

समाजमंदिराचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात जो ठराव मंजूर करून घेतला, त्याचा गाभा असा होता की सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे तळे खुले केल्याचा ठराव केला. सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये तोच ठराव तिने रद्द केला, आणि प्रकरण न्यायालयात जाऊन १९३७ साली उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपले. म्हणजे महाडचा लढा पाण्याचा आणि माणुसकीचा होता तसा सार्वजनिक पैशाचाही होता: सर्वांच्या पैशाचे ते सर्वांचे. मग आज महापालिकेच्या पैशाने बांधलेल्या समाजमंदिराची किल्ली एकाच मंडळाच्या खिशात असेल, तर त्याला आपण काय म्हणणार आहोत? मंडळ आपले आहे म्हणून गप्प बसणार का?

हिशेब विचारणे

विनयपिटकात चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला आश्चर्य वाटले, थोडा रागही आला. श्रमण कापडाचे दुकान काढणार आहेत काय, अशा भावनेने तो आनंदाकडे गेला आणि एवढ्या चीवरांचे काय करणार असे त्याने विचारले. आनंदाने सांगितले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांचे अभ्रे. त्यानंतर जमिनीवरची बिछायत, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि तीही जीर्ण झाली की चुरून मातीत कालवून जमीन सारवायची. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. प्रश्न विचारला म्हणून आनंद रागावला नाही, आणि उत्तर देताना तो मोघम बोलला नाही. प्रत्येक टप्प्याला वस्तूचे नाव आहे.

महापालिकेला असाच प्रश्न विचारण्याची सोय आज आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांनाही सांगितली. फाइलमध्ये तीन कागद पाहावेत: पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट, कामाचा आदेश आणि मोजमाप पुस्तकातील नोंदी. ठेकेदाराचे बिल मोजमाप पुस्तकावरून निघते. त्यात गटाराची लांबी लिहिलेली असते, आणि लांबी मोजायला टेप पुरते.

कामे सुचविण्याचीही सोय आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात १९८९ पासून लोकांनी सभा घेऊन नगरपालिकेच्या खर्चाचा क्रम ठरवायला सुरुवात केली. पुण्यात २००६ मध्ये त्याच धर्तीवर नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून प्रभागातील लहान काम सुचवायचे, एका कामाची मर्यादा पाच लाखांची ठरविलेली होती. पोर्तो अलेग्रेत सभा होत, येथे बहुधा अर्जच होतात, आणि पाच लाखांत शहर बदलत नाही. पण दिवा, पायवाट, स्वच्छतागृहाचा दरवाजा बदलतो. पहिल्या वर्षांतले बरेचसे अर्ज सोसायट्यांमधून गेले, कारण जाहिरात त्यांनी वाचली. अर्ज पावसाळ्याच्या सुमारास मागविले जातात. तेव्हा आपल्याकडे वर्षावासाचे कार्यक्रम चालू असतात, सगळे विहारात भेटतात. एका पौर्णिमेला प्रवचनानंतर अर्धा तास यासाठी काढता येईल.

विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचे: महापालिकेच्या समाजविकास विभागाकडून दहावी उत्तीर्णांना मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाने १५ हजार व बारावी उत्तीर्णांना अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने २५ हजार रुपये पुढील शिक्षणासाठी मिळत आले आहेत. गुणांची अट सर्वसाधारण ८० टक्के, तर मागासवर्गीय, रात्रशाळेतील व महापालिकेच्या शाळांतील विद्यार्थ्यांना ७० टक्के अशी असते. अटी व मुदत त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्यावी. रहिवासाचा पुरावा आणि जातीचा दाखला निकाल लागल्यावर नव्हे, त्याआधीच काढून ठेवावा. दरवर्षी दोन-तीन मुले दाखल्यापायी राहतात.

अभ्यासिकेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी मुलांनी एका सोमवारी जाऊन फाइल पाहिली, वर्गीकरणाच्या प्रस्तावाची नक्कल घेतली आणि मुदतीच्या आत नवा अर्ज दिला, खोलीचे माप व फोटो जोडून. काम झाले. मोजमाप पुस्तकात फरशी जितकी लिहिली होती तितकी खोलीत बसेना, तेव्हा त्यांनी टेप घेऊन कनिष्ठ अभियंत्याला बोलावले आणि बिल दुरुस्त झाले. आता तेथे चार ट्यूबलाइट व दोन पंखे आहेत, रात्री अकरापर्यंत मुले बसतात. पुस्तके अजून नाहीत. पुस्तकांचे लेखाशीर्ष निराळे आहे, आणि त्याचा अर्ज या वर्षी संस्थेने द्यावयाचा आहे.